पाठराखीण

झोपे आडनावाच्या मुलीचं लग्न झोपेवरून अडावं, यासारखी मौज फैजपुरात बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. लोकांना काय, तोंडी लावायला काहीतरी लागतंच. प्रांजल झोपे सत्तावीस वर्षांची, केळी पिकवण्याच्या शीतगृहात चांगल्या नोकरीला, गोल चेहऱ्याची, हसरी, हाताला चव असलेली. उणं म्हणाल तर एकच. ती घोरायची. तेही लाजत-मुरकत नाही, चांगलं मोकळ्या गळ्यानं. शेजारच्या ढाकेवहिनी तिच्या आईला विचारायच्या, "प्रमिलाबाई, तुमच्याकडे रात्रपाळीची गिरणी आहे का हो?"

पूर्वी असल्या गोष्टी लग्नानंतर कळायच्या, आणि लग्नानंतर कळलेल्या गोष्टीला कुणी विचारत नसे. नवरा कानात कापूस घालायचा नि संसार पुढे चालायचा. पण आता श्वासपत्रिका आली होती.

तिची हकिगत अशी. झोपेत माणसाचा श्वास मधूनमधून थांबतो का, हे बघायचं तर पूर्वी दवाखान्यात जाऊन झोपावं लागे. डोक्याला, छातीला, पायाला वायरी. त्या जंजाळात झोप कुणाला येणार? मग चष्म्याच्या डबीएवढी पेटी निघाली. कुरियरनं घरी यायची. तिच्यात तीन वस्तू: बोटात घालायची अंगठी, जी कातडीतून उजेड सोडून रक्तातला प्राणवायू मोजायची, छातीला चिकटवायची चकती, जी छाती हलते की नाही ते बघायची, आणि नाकाखाली लावायची पट्टी, जी हवा येते-जाते का ते सांगायची. आपल्या घरी, आपल्या गादीवर झोपायचं. सकाळी फोनवर आकडा हजर: तासाला किती वेळा श्वास थांबला. पाचाच्या आत असेल तर उत्तम. तिसाच्या वर गेला, तर हृदय आणि मेंदू दोघांचंही काही खरं नाही.

वस्तू डॉक्टरांनी आणली आजारासाठी. उचलली सोयरिकी जमवणाऱ्यांनी. छत्तीस गुण बघायचे दिवस गेले, आता एकच आकडा. खाडाखोड नको म्हणून तो एकाच क्षणी दोन्ही घरी जायचा. शिवाय यंत्र श्वासाचा ठसा घ्यायचं. चालीवरून माणूस लांबून ओळखू येतो ना, तशी प्रत्येकाच्या श्वासालाही चाल असते, आणि ती बदलत नाही. पहिल्यांदा ज्या नावानं झोपलात, त्या नावावर तो ठसा जन्मभर राहायचा. झोपणारा खरंच त्या नावाचा आहे का, हे विचारायची अक्कल मात्र यंत्रात कुणी घातली नव्हती.

प्रांजलची दोन स्थळं या पत्रिकेवरून गेली. आकडा वाईट आला म्हणून नव्हे. प्रमिलाबाई "देतो, देतो" करत राहिल्या आणि पलीकडचे काय ते समजले.

तिसरं स्थळ भुसावळच्या सरोद्यांचं. मुलगा अद्वैत, वीजकेंद्रात इंजिनिअर. बघायला आला तेव्हा त्यानं पोहे संपवले, बशी स्वतः आत नेऊन ठेवली आणि परत येऊन सरळ विषयाला हात घातला.

"माझ्या दादाचं लग्न वर्षात मोडलं," तो म्हणाला. "वहिनीला फिट्स यायच्या. त्याचं काही नव्हतं, औषध असतं. पण घरच्यांनी लपवलं. दादाला ते सहन झालं नाही. म्हणून आधीच सांगतो. आजार असला तर असू दे, आपण बघू. खोटं मात्र मला चालणार नाही."

प्रांजलला तो त्याच क्षणी आवडला. इतका, की त्याचं शेवटचं वाक्य तिच्या मनात धड उतरलंच नाही. आत जाऊन ती आईला म्हणाली, "आई, याला मी सोडणार नाही."

"सोडायला सांगतंय कोण?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "पेटी मागवून टाक. नुपूर झोपेल."

नुपूर धाकटी. तेवीसची, काडीसारखी, एमएस्सी करणारी. झोपली की घरात कोणी आहे असं वाटायचं नाही. ना घोरणं, ना कूस बदलणं. "ही बघ कशी शहाण्यासारखी झोपते," असं प्रांजलला लहानपणापासून ऐकवलं गेलं होतं. झोपायची मात्र कुठेही. पुस्तक उघडलं की डुलकी, बसमध्ये बसली की डुलकी. सकाळी उठायची तीच डोकं धरून. "नावाप्रमाणे वागते माझी लेक," असं म्हणून आई हसायची. घोरणाऱ्याची झोप वाईट आणि गप्प झोपणाऱ्याची चांगली, एवढं शास्त्र त्या घराला पुरेसं होतं.

"म्हणजे ताईच्या नावानं मी झोपायचं?" नुपूरला हसू आवरेना. "आई, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या झोपेचं कुणाला तरी काम पडलं."

तिनं अंगठी घातली, पट्टी लावून घेतली, आरशात बघून "मिशी बरी दिसते" म्हणाली आणि झोपून गेली.

सकाळी प्रांजलच्या फोनवर आकडा आला. एक्केचाळीस.

प्रांजलला आधी वाटलं, आपल्यालाच नीट दिसत नाही. तिनं तो आईला दाखवला. प्रमिलाबाईंनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. आणि पहिला राग आला तो नुपूरचा. "धड झोपताही येत नाही कार्टीला," त्या म्हणाल्या. हा आकडा याच घटकेला भुसावळलाही पोचला असणार, हे दोघींच्याही डोक्यात एकदमच आलं.

पेटीवाल्या कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन तासाभरात आला. नाव लोखंडे. आवाज शांत, घाई नसलेला.

"प्रांजल, घाबरू नका, पण नीट ऐका. श्वास दोन तऱ्हांनी थांबतो. एकात घसा ढिला पडतो, वाट बुजते, छाती ओढत राहते पण हवा येत नाही. त्यात माणूस घोरतो, दचकून उठतो. ते वाईट खरं, पण त्याचा गाजावाजा होतो. तुमचं तसं नाही. तुमच्या छातीनं ओढायचा प्रयत्नच केलेला नाही. मेंदूच हुकूम द्यायला विसरतो. वाट मोकळी, फुप्फुसं ठणठणीत, आणि श्वास घ्या असं सांगणारंच कोणी नाही. अशा माणसाचा आवाज येत नाही. शेजारी झोपलेल्यालाही कळत नाही."

"अंगठी सैल बसली असेल," प्रांजल म्हणाली.

"सैल बसली की वेगळं दिसतं. हे तसं नाही. घरात कुणी झोपेत गेलंय का?"

फोन स्पीकरवर होता. प्रमिलाबाई खुर्चीत बसल्या. चार वर्षांपूर्वी वासुदेव झोपे रात्री जेवून झोपले ते उठलेच नव्हते. वय पन्नाससुद्धा नव्हतं. कधी घोरायचे नाहीत. पुण्यवान माणूस, झोपेत गेला, हूं की चूं नाही, असं सगळा गाव म्हणाला होता, आणि प्रमिलाबाईंनी त्या बोलण्यावर चार वर्षं काढली होती.

"वडील," प्रांजल म्हणाली.

"मग महिन्याभरात येऊन भेटा. रात्री मास्कचं यंत्र लावावं लागेल. ते श्वास विसरला की ढकलून देतं. नेमानं लावलंत तर म्हातारी व्हाल, काळजी नको. तोवर एक पथ्य: झोप आणणारं काहीही घ्यायचं नाही. सर्दीची साधी गोळीसुद्धा नाही. त्यानं मेंदूचा विसराळूपणा वाढतो."

फोन ठेवला. आतल्या खोलीत नुपूर अजून झोपलेली होती. प्रमिलाबाई उठल्या, दारात गेल्या, लेकीची छाती हलते का ते बघत उभ्या राहिल्या. हलत होती. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. आई होती ती, दगड नव्हती. पुढे जे केलं तेही आई म्हणूनच केलं. त्यात कुठली लेक वजनाला जास्त भरली, एवढाच फरक.

तेवढ्यात अद्वैतचा फोन आला.

"आकडा बघितला मी," तो म्हणाला. "डॉक्टरांशीही बोललो. प्रांजल, तू आकडा नाकारला नाहीस. दुसऱ्या कुणी काहीतरी सबब सांगून पुन्हा पेटी मागवली असती. मला एवढंच बघायचं होतं. आईशी बोलणं झालंय. आमच्याकडून होकार आहे."

प्रांजल रडली. तिला इतका आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची इतकी लाज वाटली, की रडू थांबेना. तो पलीकडून "अगं, रडतेस काय, उपचार आहे त्यावर" असं समजावत राहिला.

आता खरं सांगायचं तर त्याच वेळी सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं: ती मी नव्हते, नुपूर होती. नुपूरला दवाखान्यात नेलं असतं, मास्क आला असता, पोर म्हातारी झाली असती. आणि अद्वैत गेला असता. आजार चालणारा, खोटं न चालणारा मुलगा. प्रांजलनं ते वाक्य जिभेवर आणलं, आणि गिळलं.

"लग्न होऊ दे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "महिना-दीड महिन्याचा प्रश्न. मग नुपूरला पुण्याला मामाकडे नेऊ, तिथे दुसरं यंत्र, दुसरा डॉक्टर. एवढी वर्षं श्वास घेतलाच ना तिनं? महिन्याभरात काय होतंय?"

नुपूर उठून आली, डोकं दाबत. "काय आला गं आकडा?"

"एक्केचाळीस," प्रांजल म्हणाली. लपवून चाललं नसतं, लग्नघरात ते कानावर आलंच असतं. "अंगठी सैल बसली होती. यंत्र चुकलं. पण तिकडून तरीही होकार आलाय."

नुपूरनं तिला मिठी मारली. मग म्हणाली, "म्हणजे मी तुला आजार लावून दिला की. ताई, पण खरंच मला काही नसेल ना?"

"तू कधी घोरतेस का?" प्रांजल म्हणाली. "मग तुला काय होणार?"

नुपूरला ते पटलं. त्या घरात वाढलेल्या कुणालाही पटलं असतं.

लग्नाची तयारी लागली आणि सरोद्यांच्या मायेला ऊत आला. सासूबाई शैलजाताई रोज फोन करून विचारायच्या, झोप लागली का, थकू नको, फार उभी राहू नको. मास्क लग्नाची गडबड सरली की घेऊ, असं प्रांजलनं सांगितलं होतं, म्हणून तोवर अद्वैतनं दोघांच्या खोलीच्या भिंतीवर एक नवं यंत्र बसवलं. शेतात रात्री पीक राखणारा असतो ना, त्यावरून त्याला जागल्या म्हणत. त्यात अंगाला काही लावायचं नसे. भिंतीवरून न दिसणाऱ्या लहरी सोडायच्या, त्या पांघरुणातून जाऊन छातीवर आपटून परत येणार, आणि केसाएवढी हालचालही त्याला कळणार. खोलीत दहा माणसं झोपली तरी ज्याचा ठसा भरला असेल त्याचाच श्वास ते धरून बसायचं. श्वास थांबला की आधी भिंतीवर हलकेच टिकटिकायचं. अर्ध्या मिनिटात नाहीच परतला, तर फोनवर ओरडायचं.

"तुझा ठसा भरला त्यात," त्यानं कौतुकानं सांगितलं. "आता तू निवांत झोप."

प्रांजलनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा प्रमिलाबाईंनी पुन्हा एकदा सगळं विचारून घेतलं. मग त्यांना सुचलं. चतुर बाई, तीच चतुराई दुसऱ्या कुठे लावली असती तर घर तरलं असतं.

"त्याला नुपूरचा श्वास हवाय ना? मग नुपूरच जाईल. पाठराखीण म्हणून."

नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिला परकं वाटू नये म्हणून धाकटी बहीण चार दिवस सोबत जाते, तिच्याच खोलीत झोपते. जुनी रीत. कुणी भुवई उंचावण्याचं कारण नव्हतं.

"आणि चार दिवसांनी?"

"चार दिवसांनी ते यंत्र बिघडेल. यंत्रं बिघडतात."

लग्न झालं. जेवणावळी, मानपान, रुसवेफुगवे, सगळं रीतसर. देवदर्शन आणि पूजा होईपर्यंत नवरा-नवरी वेगळे, म्हणून पहिल्या रात्री जागल्याच्या खोलीत दोघी बहिणी झोपल्या. म्हणजे नुपूर झोपली. प्रांजलला झोपायची सोयच नव्हती. डोळा लागला असता तर गिरणी सुरू, आणि न घोरणाऱ्या आजाराची नवरी घोरते कशी, हे घरभर झालं असतं. ती उशाला टेकून बसून राहिली. भिंतीवरचं यंत्र टिकटिकलं की ती नुपूरच्या खांद्याला हात लावायची. नुपूर खोल श्वास ओढायची आणि पुन्हा शांत व्हायची. कधी प्रांजलचा हात पोचायच्या आतच श्वास परत यायचा. असं किती वेळा झालं ते तिनं मोजलं नाही. पहाटेपर्यंत तिला त्याची सवय झाली होती. जातो, येतो. जातो, येतो. एवढं काही भयंकर नाही हे, असं तिला वाटायला लागलं, आणि तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर हळदीच्या पाण्यातला अंगठीचा खेळ ठेवला होता. नुपूर आली तीच कपाळ दाबत. नाक चोंदलेलं, डोळे लाल.

"काय गं, डोकं दुखतंय?" शैलजाताईंनी विचारलं. "सर्दी झाली का? थांब, गोळी देते."

प्रांजल पायातली जोडवी नीट करत होती. तिनं मान वर केली. शैलजाताईंच्या तळहातावर पिवळी गोळी होती. तीच, जी घेतली की तासाभरात माणूस आडवा होतो.

"तिला नको आई," प्रांजल म्हणाली. "ती गोळ्या घेत नाही."

"घेते की," नुपूर म्हणाली. "ताई, डोकं फुटायला आलंय गं."

"घे बाळ," शैलजाताईंनी तिला पाणी दिलं आणि प्रांजलकडे वळून तिच्या गालाला हात लावला. "तुझ्यासमोर काढायलाच नको होती खरं तर. तुला मनाई आहे ना, मला पाठ आहे. तुला वर्ज्य असलेल्या गोळ्यांचा डबा मी कुलपात ठेवलाय. हिला काय धाड भरली आहे? हिला चालेल."

खोलीतल्या बायका शैलजाताईंकडे कौतुकानं बघत होत्या. अशी सासू मिळायला नशीब लागतं, कुणीतरी म्हणालं. प्रांजलच्या घशात शब्द आला होता. तो बाहेर काढला असता तर त्याच्यामागून दुसरा ओढला गेला असता, त्याच्यामागून तिसरा. नुपूरनं गोळी गिळली, ओढणीनं तोंड पुसलं आणि "मी जरा पडते, अंगठी तूच जिंक" असं म्हणून जागल्याच्या खोलीत गेली. दार तिनं हळूच लोटून घेतलं.

परात आली. हळदी-कुंकवाचं पाणी, त्यात चांदीची अंगठी. नवरा-नवरीनं एकदम हात घालायचा. पाच डावांत जो जास्त वेळा अंगठी काढेल त्याचं घरात चालणार. भोवती आत्या, मावश्या, चुलतवहिन्या दाटीनं बसल्या. पहिला डाव अद्वैतनं घेतला, दुसरा तिनं. तो पाण्याखाली तिची बोटं पकडत होता आणि वर साळसूद चेहरा करत होता. प्रांजल हसत होती. कान मात्र तिचे त्या दाराकडे होते, आणि इतक्या गलक्यात भिंतीवरची टिकटिक ऐकू येणं शक्य नव्हतं.

चार डाव झाले, दोन-दोन. शेवटच्या डावाला दोघांचे हात पाण्यात होते तेव्हा अद्वैतचा फोन ओरडला. लगोलग शैलजाताईंचाही.

"प्रांजलचा श्वास थांबला आहे. तिला हलवा. प्रांजलचा श्वास थांबला आहे. तिला हलवा."

सगळ्यांनी प्रांजलकडे पाहिलं. ती समोर बसलेली, हिरवा चुडा कोपरापर्यंत ओला, चांगली जिवंत. आणि मग जे हसू फुटलं म्हणता!

"हलव रे, हलव तिला," आत्या म्हणाल्या. "यंत्र सांगतंय तर हलव की."

अद्वैतनं ओला हात तिच्या खांद्यावर ठेवून तिला गदगदा हलवलं. बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. "जिवंत आहे हो," तो म्हणाला. "हजारो रुपयांचं यंत्र, आणि याला माझी बायको दिसत नाही."

"मी जरा नुपूरला बघून येते," प्रांजल अर्धवट उठली.

"बस गं," शैलजाताईंनी तिला खाली ओढलं. "डाव अर्धा टाकून उठू नये. झोपलीय ती, झोपू दे."

प्रांजल बसली. तिच्या डोक्यात जे चाललं होतं ते असं. आत्ता, या आवाजावर, मी उठून धावत त्या खोलीत गेले, तर अद्वैतला कळायला किती वेळ लागेल? इंजिनिअर माणूस. यंत्र म्हणतं प्रांजलचा श्वास, आणि प्रांजल धावते नुपूरकडे. पळत जाणं म्हणजे कबूल करणंच. आणि रात्रभर हेच तर चाललं होतं. जातो, येतो. एवढा डाव होऊ दे. मग सावकाश उठून, पाणी प्यायच्या निमित्तानं जाऊ.

फोन पुन्हा ओरडला. "गप रे बाबा," अद्वैत म्हणाला, आणि ओल्या अंगठ्यानं त्यानं तो बंद केला. शैलजाताईंचाही हातातून घेऊन बंद केला.

अंगठी प्रांजलच्या बोटांना लागली. तिनं ती चटकन वर काढली. टाळ्या वाजल्या.

"आता उखाणा! उखाणा घेतल्याशिवाय उठायचं नाही."

आणि तिनं उखाणाही घेतला. न अडखळता.

"केळीच्या बागेला पाटाचं पाणी,
अद्वैतरावांच्या घरी मी झाले राणी."

मग ती उठली, हात पुसले, पाणी प्यायली, आणि सावकाश चालत जाऊन दार ढकललं.

नुपूर कुशीवर होती, एक हात गालाखाली. चेहरा शांत. ओठ जांभळाच्या रंगाचे. प्रांजलनं खांद्याला हात लावला. मग हलवलं. मग दोन्ही हातांनी धरून उठवून बसवलं, आणि नुपूरची मान मागे पडली.

तिच्या ओरडण्यानं सगळे धावले. अद्वैतनं नुपूरला जमिनीवर घेऊन छाती दाबली, घाम निथळेपर्यंत दाबत राहिला. गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी बघितली, आणि अद्वैतचा खांदा धरून त्याला थांबवलं.

"काही आजार होता?" त्यांनी विचारलं.

"हिला काही नव्हतं हो," शैलजाताई रडत म्हणाल्या. "आजार आहे तो हिच्या बहिणीला. ही चांगली धडधाकट पोर. मी साधी सर्दीची गोळी दिली, एवढंच. त्यानं काही झालं नसेल ना? डॉक्टर, सांगा ना, त्यानं काही होतं का?"

"निरोगी माणसाला काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. मग प्रांजलकडे वळले. "तुम्ही बहीण ना? झोपेत कधी त्रास व्हायचा हिला? श्वासाचा?"

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. नुपूरचा हात तिच्या मांडीवर होता, अजून कोमट.

"नाही," प्रांजल म्हणाली. "ती शांत झोपायची."

फैजपूरहून प्रमिलाबाईंची गाडी आली. त्या दारातच कोसळल्या. धाकट्या लेकीच्या अंगावर पडून त्यांनी जो हंबरडा फोडला तो खरा होता, त्यात शंका घ्यायचं कारण नाही. मग त्यांनी प्रांजलला गळ्याशी धरलं आणि रडता रडता तिच्या कानाशी तोंड नेलं.

"तोंडातून अक्षर काढू नकोस," त्या म्हणाल्या. "एक गेली. आता तुझं तरी घर राहू दे."

नुपूरला नेलं. बायका निघाल्या, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. घर सुन्न झालं. आणि त्या खोलीतून तो आवाज येत राहिला. एकदा थांबलेला श्वास परत सापडेपर्यंत जागल्या शोधत बसायचा, आणि फोन बंद असले तर काही वेळानं भिंतीवरूनच बोलायचा, तशी त्याला शिकवण होती. थोड्या थोड्या वेळानं तो म्हणायचा, "प्रांजलचा श्वास सापडत नाही." सुतकाच्या घरात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. शैलजाताई दर वेळी दचकून सुनेच्या पाठीवरून हात फिरवायच्या. "इडापिडा टळो," म्हणायच्या. "काय अभद्र बोलतंय माझ्या पोरीला."

संध्याकाळी अद्वैत स्टूल घेऊन खोलीत आला. प्रांजल कॉटच्या कडेला बसली होती. तो स्टुलावर चढला नाही. भिंतीकडे बघत उभा राहिला.

"दोनदा वाजलं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा मी बंद केलं. आणि त्याच वेळी ती इथे..."

प्रांजलनं कॉटवरची चुरगळलेली चादर सरळ केली.

"योगायोगच ना? याची खोलीत दुसऱ्या कुणावर नजरच नसते. तुझा ठसा आहे याच्यात." तो तिच्याकडे वळला. "प्रांजल, मी जे बंद केलं ते बिघडलेलंच होतं ना?"

हुशार मुलगा तो. अर्ध्या वाटेपर्यंत स्वतःच पोचला होता, आणि आता तिथे उभा राहून तिला विनवत होता की पुढची वाट नाही असं सांग. खरं सांगितलं असतं तर तिला नवरा राहिला नसता, आणि त्याला कळलं असतं की आपल्या अंगठ्यानं काय केलं. दोन्ही कारणं खरी होती. पुढे ती स्वतःला नेहमी दुसरंच सांगायची. सुचलं होतं आधी पहिलं.

"हो," ती म्हणाली. "बिघडलेलंच होतं."

त्यानं मान हलवली, कितीतरी वेळ हलवत राहिला. मग स्टुलावर चढला. यंत्रानं आणखी एकदा तेच म्हटलं, मध्येच त्याचा आवाज तुटला, आणि त्यानं ते खाली उतरवलं.

"हे स्क्रू धर," तो म्हणाला. "हरवतील."

तिनं दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.